पार्किंगमधल्या गाड्या आणि माझ्या कुड्या

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. वय ४१, हिंजवडीत आयटीत आहे, बायकोही नोकरी करते. बालेवाडीत टू-बीएचके, त्याचा हप्ता ४८,००० रुपये, अजून अकरा वर्षं. गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, तिची काही तक्रार नाही. पण पार्किंगमध्ये डावीकडे नवी कोरी एसयूव्ही, उजवीकडे नवी कोरी एसयूव्ही आणि मधे आमची, वॉचमनची वाटावी अशी. गेल्या महिन्यात लेक (वय १२) म्हणाली, "बाबा, मला शाळेच्या गेटच्या जरा अलीकडेच सोडत जा." मी बावीस लाखांची एक गाडी बघून आलोय. पाच लाख हातात आहेत, बाकीचं कर्ज. सदाशिव पेठेत राहणारे आमचे बाबा म्हणतात, "सुख मानण्यात असतं." ते अजून सायकलवर मंडईत जातात. पैशाने सुख मिळतं का, खरं काय ते सांगा. आणि घेतलीच तर काळी घ्यावी की पांढरी?
– एक वाचक, बालेवाडी

उत्तर : आधी एक. तुमच्या वॉचमनकडे नऊ वर्षांची, तक्रार नसलेली हॅचबॅक असती, तर त्याने ती रोज पुसून ठेवली असती. असो.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा कर्जाच्या टेबलावर. म्हणून "सुख मानण्यात असतं" हे वाक्य मी कोणाला ऐकवत नाही. ते बहुतेक वेळा ज्याचं घर फिटलेलं असतं तो, ज्याचं फिटायचंय त्याला ऐकवतो. पैशाने सुख मिळतं. माझ्याकडे कर्वेनगरातल्या पोळीभाजी केंद्राच्या एक बाई कणीक मळायच्या मशीनसाठी कर्ज मागायला आल्या होत्या. रोज पंधरा किलो कणीक हाताने मळून उजवा खांदा कामातून गेलेला. रक्कम ऐंशी हजार. ते कर्ज कधीच फिटलं, मी निवृत्तही झाले, पण बाई अजून रस्त्यात भेटल्या की खांद्याचंच बोलतात. "मॅडम, रात्री कूस बदलता येते हो." एवढी वर्षं टिकलेलं दुसरं सुख माझ्या टेबलावरून गेल्याचं मला आठवत नाही.

गाडीवाले पेढे आणायचे. दसऱ्याला आणि पाडव्याला तर इतके पुडे जमायचे की शिपाईही नको म्हणायचा. सारसबागेच्या गणपतीपुढे पूजा, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, हे सगळं फोटोंसकट आम्हाला बघावं लागायचं. वर्षभराने तेच गृहस्थ व्याजाचा दाखला घ्यायला यायचे, तेव्हा गाडीचा विषय निघालाच तर तो ओरखड्याचा असायचा.

तुम्ही आयटीतले, तुम्हाला आकडे लागतील. डॅनिएल काहनेमन आणि अँगस डीटन, दोघेही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. २०१० साली त्यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून जास्त उत्तरांवरून असं मांडलं की वर्षाला ७५,००० डॉलर उत्पन्नाच्या आसपास रोजच्या मनःस्थितीतली सुधारणा थांबते. ते वाचून "बघा, आम्ही म्हणतच होतो" असं म्हणणारे खूप निघाले. मग २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकांनी दाखवलं की तसं काही थांबत नाही, वर जातच राहतं. पुढची गोष्ट मला फार आवडते. काहनेमन यांनी वाद घालत न बसता त्यांच्याबरोबरच पुन्हा हिशेब केला. २०२३ मध्ये निघालं ते असं, की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत जातं, पण जे मुळातच सगळ्यात दुःखी आहेत, साधारण पाचातला एक, त्यांचं एका टप्प्यानंतर अडतं. पैशाने जाणारी दुखणी तोवर गेलेली असतात, राहतात ती दुसऱ्या जातीची. आणि वाढतं म्हणजे किती, तर पगार दुप्पट झाला की थोडंसं.

पण हे झालं उत्पन्नाचं. तुम्ही विचारताय गाडीचं, आणि त्यासाठी नेदरलँड्समध्ये जायला हवं. तिथल्या एका लॉटरीत दर आठवड्याला एक पिनकोड निघायचा. त्या पिनकोडातल्या तिकीटवाल्यांना रोख रक्कम आणि नवी बीएमडब्ल्यू मिळायची. तिच्यावरच्या, २०११ साली छापून आलेल्या अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. ज्यांना बीएमडब्ल्यू लागली त्यातल्या बहुतेकांनी ती ठेवलीच नाही, पैसे करून घेतले. आणि ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं अशा शेजाऱ्यांचा गाड्यांवरचा खर्च वाढला! म्हणजे बक्षीस एकाच्या दारात आणि हप्ता शेजारच्या. तुमच्या पार्किंगमधला डावीकडचा आणि उजवीकडचा यांतला आधी कोण घेऊन आला, तेवढं जरा आठवून पाहा.

मी हे वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. माझ्या जावेच्या कानात एका मुंजीत हिऱ्याच्या कुड्या दिसल्या. मी परत येईपर्यंत बोलले नाही. पुढच्या वर्षी पगारातून आणि एका मोडलेल्या ठेवीतून तशाच करून घेतल्या, तिच्यापेक्षा एक हिरा जास्त. कर्वे रोडवरच्या कार्यालयात एका लग्नाला घालून गेले. पंगतीत शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "अय्या, किती छान! अमेरिकन डायमंड का?" त्यानंतर त्या दोनदा घातल्या. बाकी वर्षं त्या आमच्याच शाखेच्या लॉकरमध्ये आहेत आणि दर एप्रिलला मी त्यांचं भाडं भरते. जावेला माझ्याकडे कुड्या आहेत हे आजतागायत माहीत नाही.

तुमच्या बाबांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना संत समजाल. आपल्या पुण्यात साधेपणाही मिरवायची वस्तू आहे. सायकलवर मंडईत जाणं छानच, पण "मी अजून सायकलवर जातो" हे आठवड्यातून कितीदा ऐकवतात? आमच्या ओळखीतले एक जण तीस वर्षं एकच घड्याळ वापरतात आणि तीस वर्षं तेच सांगतात. गाडी काय, घड्याळ काय, बघणारा कोणीतरी लागतोच.

आता तुमचा हिशेब. सतरा लाख, सात वर्षं, व्याज ९ टक्के धरलं तर हप्ता साधारण २७,३५०. नुसतं व्याजच सहा लाखांच्या घरात. घराचा हप्ता मिळवून महिन्याला पंचाहत्तर हजारांच्या वर, आणि ते दोन्ही नोकऱ्या टिकल्या तर. तुम्ही अर्ज घेऊन माझ्याकडे आला असतात तर मी मंजूर केला असता, कागद चोख आहेत तुमचे. पण सही करताना विचारलं असतं की गाडी जाणार कुठे? बालेवाडीतून हिंजवडी. भूमकर चौकात बावीस लाखांची गाडी आणि नऊ वर्षांची हॅचबॅक एकमेकींच्या शेजारी तितकाच वेळ उभ्या असतात. काहनेमन यांचाच २००४ चा एक अभ्यास टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांचा होता. दिवसभरातल्या कामांत सकाळी कामावर जाण्याची वेळ सगळ्यात नावडती ठरली. त्याच २७,३५० मधले थोडे घालून कंपनीजवळ भाड्याने राहता येतं का, आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागता येतं का, हे एकदा बघितलंत?

गाडी मुळीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. आईवडील थकलेत, लांबचा प्रवास होतो, जुनीला खर्च येऊ लागलाय, यातलं एकही कारण पत्रात असतं तर मी रंगावरच आले असते. पत्रात कारण एकच आहे, बारा वर्षांच्या मुलीचं एक वाक्य. बारा-तेराव्या वर्षी मुलांना आईबापच गेटपासून लांब हवे असतात, गाडी कोणतीही असो. माझा मुलगा तर मला सांगायचा, "आई, तू डबा द्यायला येऊ नकोस." तेव्हा माझ्याकडे गाडीच नव्हती. तुम्ही तिला नक्की काय ते विचारलंय का? की वाक्य ऐकून थेट शोरूममध्ये गेलात?

तर असं करा. तसली गाडी आठवडाभर भाड्याने आणा, पुण्यात मिळतात. त्याच पार्किंगमध्ये लावा, तिला शाळेत सोडा. ती गेटसमोर उतरली तर मला कळवा, अलीकडेच उतरली तरी कळवा.

राहिला रंग. तुमच्या बाजूला बांधकामं चालू आहेत, काळ्या गाडीवर दुपारपर्यंत धूळ दिसते. पांढरी.