आर्थिक साक्षरतेचे तास : सुरुवात शैक्षणिक कर्जापासून करावी

अकरावी-बारावीच्या वर्गाला आर्थिक साक्षरता शिकवण्यासाठी वर्षभरात मोजकेच तास मिळणार असून, त्यांची सुरुवात बचत, विमा व म्युच्युअल फंडापासून करावी का, असे आपण विचारले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवताना माझे मत असे झाले आहे की, गुंतवणूक हा विषय या वयात मागे ठेवावा. या मुलांच्या हाती गुंतवायला पैसा नसतो. मात्र त्यांच्यापैकी अनेकांना लवकरच आई-वडिलांसोबत कर्जाच्या करारावर सही करायची असते आणि तो करार त्यांना समजून वाचता येणे अधिक निकडीचे आहे.

पहिले दोन तास एकाच गणिताला द्यावेत. चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचे कर्ज उचलले, व्याजदर १० टक्के आहे आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होणार आहेत, असे समजा. हप्ता नाही त्या काळात व्याजही नाही, असा समज मुलांचाच नव्हे, तर पालकांचाही असतो. प्रत्यक्षात सरकारी बँकांच्या प्रचलित पद्धतीनुसार या काळात सरळव्याज आकारले जाते आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे ७५,०००, दुसरीवर ६०,०००, तिसरीवर ४५,००० आणि चौथीवर ३०,००० असे २,१०,००० रुपये व्याज होते, म्हणजेच परतफेड सहा लाखांची नव्हे, तर ८,१०,००० रुपयांची सुरू होते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये येतो. हेच व्याज हप्ते सुरू होईपर्यंत दरमहा भरत गेल्यास पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, तर चौथ्या व पाचव्या वर्षी ५,००० रुपये लागतात. पण पुढचा हप्ता ७,९३० रुपयांच्या आसपास राहतो आणि एकूण भरणा जवळपास सव्वा लाखाने कमी होतो. प्रत्येक घराला हे जमणार नाही, आणि ते वर्गात मोकळेपणाने बोलले पाहिजे, म्हणजे ज्यांच्या घरी दरमहा इतकी रक्कम शिल्लक राहत नाही ती मुले अवघडून गप्प बसणार नाहीत. गणित मुलांनी स्वतः सोडवावे. तयार तक्ता दाखवल्याने ही समज येत नाही.

त्यानंतर कर्ज टाळण्याचे मार्ग सांगावेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, आणि २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून (महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून) जागा घेणाऱ्या कुटुंबाला हे अनेकदा शुल्क भरल्यानंतर कळते, म्हणून हा मुद्दा मी दर वर्षी आवर्जून सांगतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांची तयारी निकालापूर्वीच सुरू व्हायला हवी.

कर्ज अपरिहार्य असेल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मुलांना माहीत असावी. तिच्या यादीतील संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना हप्ते सुरू होईपर्यंत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वीच तपासावे.

शेवटचा तास उत्पन्नाच्या बाजूसाठी राखावा आणि त्याला पालकांनाही बोलवावे, कारण सहकर्जदार तेच असतात. जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेज बाजूला ठेवून, महाविद्यालयाने राष्ट्रीय क्रमवारीसाठी (एनआयआरएफ) दिलेल्या माहितीत नोकरी लागलेल्या पदवीधरांचा मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त मिळतो असा मधला पगार) असतो, तो मुलांना शोधायला लावावा. किती जणांना नोकरी लागली तेही तिथेच दिसते. त्या पगारातून खोलीभाडे, जेवण व प्रवासखर्च वजा करून १०,७०० रुपयांचा हप्ता निघतो का, हे प्रत्येक घराने आपापल्या कागदावर मांडून पाहावे.