सहलीचे पैसे कुणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही १२ मैत्रिणी सहलीसाठी दरमहा प्रत्येकी २,००० रुपये साठवतो. गेले १४ महिने हे पैसे माझ्या बचत खात्यात जमा होतात, माझा पगारही त्यातच येतो. परवा एकीने विचारलं, ‘उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर आम्ही कुणाकडे मागायचे?’ मला ते लागलं, पण उत्तर देता आलं नाही. कोणतं खातं उघडावं?

उत्तर : मनाला लावून घेऊ नका, तिने नेमकं बोट ठेवलं आहे. बँकेच्या लेखी ते ३,३६,००० रुपये तुमचे एकटीचे आहेत. तुमच्या पश्चात बँक ते नॉमिनीच्या हाती देईल. नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने रक्कम सांभाळतो. पण त्यात अकरा जणींचा वाटा आहे हे वारसांना पटवायचं कशाच्या जोरावर? आलेल्या रकमांच्या नोंदी आणि मोबाइलवरचे निरोप पुरावा ठरतील, मात्र त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल. शिवाय त्याच बँकेत तुमच्या कर्जाचा हप्ता थकला, तर बँक याच शिलकेला हात घालू शकते.

आणखी एक बाब सहसा कुणी पाहत नाही. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच मिळतो. तुमची स्वतःची शिल्लक आणि मैत्रिणींची रक्कम त्यात एकत्र मोजली जाते. संयुक्त खात्याची मर्यादा वेगळी धरतात. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत जाल, तर तिथे हा विमाच नाही.

संस्था नोंदवण्याचा विचार मनात असेल तर सोडून द्या. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा धर्मादाय, साहित्यिक, शास्त्रीय अशा उद्देशांसाठी आहे, सहलीसाठी नाही. बचत गटांना नोंदणीशिवायही बचत खातं मिळतं, पण तुमचा गट तसा नसताना ते नाव लावू नका. गटाच्या नावाने चालू खातं मिळालं तरी त्यावर व्याज नाही.

माझ्या मते तुम्ही आणि आणखी एक मैत्रीण, अशा दोघींच्या नावे नवं संयुक्त बचत खातं उघडा, आणि तेही तुम्हा दोघींचं कर्ज नसलेल्या बँकेत. अर्जात व्यवहाराच्या पद्धतीसमोर ‘दोघींच्या सहीने’ असंच लिहा. ‘कोणीही एक किंवा हयात असलेली’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात एकटी सगळी रक्कम काढू शकते. दोन सह्यांच्या खात्याला एटीएम कार्ड सहसा मिळत नाही. इथे ती अडचण नसून फायदा आहे. मात्र दोघींपैकी एक गेली, तर तिच्या वारसांना सोबत घ्यावं लागतं. संयुक्त खात्यातलं नामांकन सगळे खातेदार गेल्यावरच लागू होतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. व्याज ज्या पहिल्या खातेदाराच्या पॅनवर दिसेल, तिने ते प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायचं.

खात्याइतकंच महत्त्व कागदाला आहे. एका पानावर लिहा : रक्कम बारा जणींची आहे, दोघी फक्त सांभाळणाऱ्या आहेत, कुणी मध्येच बाहेर पडली किंवा वारली तर तिचा वाटा किती दिवसांत परत मिळेल, हिशेब केव्हा दाखवायचा. बाराही जणींच्या सह्या घ्या. हा कागद तुमचंही रक्षण करतो, कारण सांभाळायला दिलेले पैसे अप्रामाणिकपणे वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि आरोप करायला फारसं काही लागत नाही.

दोन पथ्यं पाळा. बाहेरच्यांकडून परताव्याचं आमिष दाखवून पैसे घेऊ नका, नाहीतर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा आड येऊ शकतो. आणि दरमहा चिठ्ठी काढून एकीला सगळी रक्कम देण्याची टूम कुणी काढलीच, तर १९८२ चा चिट फंड कायदा आधी वाचा.

नवं खातं सुरू झालं की पूर्ण रक्कम एकाच व्यवहारात वळती करा, तपशिलात ‘सहल निधी’ लिहा आणि उताऱ्याची प्रत अकराही जणींना पाठवा. ज्या मैत्रिणीने प्रश्न विचारला, तिलाच दुसरी सही करायला सांगा.