शंभर डॉलरची पुंजी आणि घरातला अबोला

‘मावशी, मी मूळचा सांगलीचा, सध्या लीड्समध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लग्नाला चार वर्षं झाली. वर्षभरापासून ऑनलाइन पोकर खेळतो. मार्चमध्ये एका रात्रीत साठ-साठ पौंड तीनदा भरले आणि सगळे गेले. बायकोला ते दोघांच्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये दिसलं. तेव्हापासून ती मोजकंच बोलते. तिच्या मते हा जुगार आहे, माझ्या मते कौशल्याचा खेळ. आता मला नीट सुरुवात करायची आहे. शंभर डॉलर बाजूला ठेवून क्रिस फर्ग्युसन या पोकरपटूच्या नियमांनी ते हळूहळू वाढवायचे, म्हणजे दोनेक वर्षांत घराचा निम्मा हप्ता तरी यातून निघेल. हे जमेल का? आणि तिला कसं पटवू? ता. क. पुण्यातला धाकटा भाऊही शिकव म्हणतोय.’
— लीड्सकर

प्रिय लीड्सकर,

तुझ्या पत्रातला हिशेब आधी हातात घेते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शंभर डॉलर घेऊन तुला एक-दोन सेंटच्या टेबलावर बसावं लागेल. तिथला पूर्ण बाय-इन (टेबलावर घेऊन बसायची रक्कम) दोन डॉलरचा, म्हणजे तुझ्याकडे पन्नास बाय-इन झाले. ही सुरुवात शहाणपणाची आहे. आता समज, तू चांगला खेळतोस, शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना सक्तीने लावायची मोठी रक्कम, इथे दोन सेंट) जिंकतोस. हे सोपं नाही, कारण मोठ्या डावांतून साइट आपला रेक, म्हणजे आपला वाटा, कापून घेते आणि एवढ्या छोट्या टेबलांवर तो फार बोचतो. तरी धरून चालू. पाच बिग ब्लाइंड म्हणजे दहा सेंट. एका वेळी चार टेबलं उघडलीस तर तासाला अडीचशेच्या आसपास डाव होतील, म्हणजे तासाला पंचवीस सेंट. रोज दोन तास, एकही दिवस न चुकवता वर्षभर बसलास तर हाती येतील सुमारे १८० डॉलर. मार्चच्या त्या एका रात्रीत तू याहून जास्त घालवलेस.

वरच्या टेबलांवर गेलास की आकडे वाढतील, हे मला मान्य आहे. पण तिथे समोरचे लोकही जास्त चांगले खेळतात, त्यामुळे जिंकण्याचा वेग तेवढाच राहत नाही. घराचा हप्ता यातून निघणार नाही. ती अपेक्षा आजच सोड. ती डोक्यात असेल तर तू संयमाने खेळूच शकणार नाहीस, कारण प्रत्येक महिन्याला हप्त्याची तारीख येईल आणि तुला वरच्या टेबलावर ढकलेल.

फर्ग्युसनचं नाव तू घेतलंस ते बरं झालं. २००० साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकलेला हा माणूस. २००६ मध्ये त्याने एक पैसाही न भरता, फुकटात प्रवेश मिळणाऱ्या स्पर्धांपासून सुरुवात करून दहा हजार डॉलर गाठायचं ठरवलं आणि गाठलेही. त्याला वर्षाहून जास्त लागलं. सुरुवातीचे कित्येक महिने तर मिळालेले दोन-चार डॉलर पुन्हा गमावण्यात गेले. विश्वविजेत्याची ही कथा. त्याचे नियम मला मनापासून आवडतात: एका टेबलावर पुंजीच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशात दोन टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत, आणि जिंकता जिंकता टेबलावरची रक्कम पुंजीच्या दहा टक्क्यांवर गेली तर उठायचं. शेवटचा नियम सगळ्यांत अवघड, कारण नशीब साथ देत असताना उठायला सांगणारा तो एकटाच आहे. अगदी तळाच्या टेबलांसाठी त्याने थोडी सूट ठेवली होती. तुझ्याकडे पन्नास बाय-इन असताना तुला तिची गरज पडणार नाही.

पुंजी लागते ती हरण्याच्या दिवसांसाठी. पोकरमध्ये चांगला खेळाडूही दीर्घकाळ हरू शकतो. वर धरलेल्या वेगाने जिंकणारा खेळाडू दहा हजार डाव खेळला, तरी शेवटी तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळपास तीन असते. दहा हजार डाव म्हणजे तुझ्या चार टेबलांच्या हिशेबाने चाळीस तास, रोज दोन तास बसलास तर वीस संध्याकाळी. वीस संध्याकाळी बरोबर खेळून हरायचं, आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा तसंच शांतपणे खेळायचं. हे ज्याला जमतं त्यालाच या पुंजीचा उपयोग. म्हणून वर जाण्याचा आकडा ठरवशील तेव्हा खाली येण्याचा आकडाही त्याच कागदावर लिही. दोनशे डॉलर झाले की दोन-पाच सेंटच्या टेबलावर जा. दीडशेवर आले की मुकाट्याने परत खाली ये. वर जाण्याचं धाडस सगळ्यांकडे असतं. पाय मागे घेणारे फार थोडे, आणि ते खेळात टिकतात.

आता मार्चच्या रात्रीबद्दल. पहिले साठ हरलास, ते मी खेळ म्हणून सोडून देईन. दुसरे आणि तिसरे साठ तू हरल्याच्या चिडीत भरलेस. खेळणारे त्याला टिल्ट म्हणतात. त्या अवस्थेतल्या माणसाला कुठलाही टक्केवारीचा नियम वाचवत नाही, कारण तो नियमाची वहीच उघडत नाही. त्यामुळे कुलूप आधीच लावायचं. ब्रिटनमधल्या परवानाधारक साइटवर रक्कम भरण्याची मर्यादा ठरवता येते. ती शंभर डॉलरएवढीच ठेव. त्याच अॅपमध्ये रूलेट आणि स्लॉट असतील तर ते बंद करण्याची सोय शोध. महिनाभर सेंट-सेंट करून जमवलेलं लोक तिथे पाच मिनिटांत घालवतात. आणि शंभर संपले तर संपले. वर्षभर नवीन भरायचे नाहीत. ही अट वाचूनच पोटात गोळा आला, तर पुंजी उभारायच्या फंदात पडू नकोस. सरळ गॅमस्टॉपमध्ये नाव नोंदव. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक साइट तुला बंद होतील. बोलावंसं वाटलं तर गॅमकेअरची मोफत हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते: ०८०८ ८०२० १३३.

साइटवर पडून असलेले पैसे बँकेत ठेवल्यासारखे समजू नकोस. फर्ग्युसनने ते दहा हजार कमावले त्या फुल टिल्ट पोकरच्या संचालकांत तो स्वतः होता. २०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने कारवाई केली तेव्हा खेळाडूंना परत द्यायला कंपनीकडे पुरेसा पैसा नव्हता. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हाती रक्कम पडायला २०१४ उजाडलं. इतक्या संयमाने जमवलेल्या लोकांच्या पुंज्या तीन वर्षं अडकून पडल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. तुझी साइट खेळाडूंचे पैसे किती सुरक्षित ठेवते, हे तिला नियमाप्रमाणे सांगावं लागतं. ते वाच. पुंजी गरजेपेक्षा वाढली की वरचे पैसे काढून घे.

राहिली तुझी बायको. तिला पटवायच्या मागे लागू नकोस. ‘जुगार की कौशल्य’ या वादात तू जिंकलास तरी घरातला अबोला संपणार नाही. तिला भीती वाटते ती वेगळीच: अजून किती गेलेत, आणि मला कळणार कधी? तिला स्टेटमेंटमधून कळलं, तुझ्याकडून नाही. हेच तिला लागलंय. म्हणून पहिला डाव खेळण्याआधी वर्षभरात भरलेला आणि काढलेला एकूण आकडा तिला सांग. काही न वगळता सांग. मग हे शंभर डॉलर तुझ्या स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून, तिला माहीत असताना बाजूला काढ. रोजचा जमाखर्च अशा ठिकाणी लिही की तिला हवा तेव्हा बघता येईल. आठवड्यातल्या कोणत्या संध्याकाळी तू टेबलावर नसशील, ते तिला ठरवू दे. एवढं करूनही ती ‘नको’ म्हणाली, तर माझं मत तिच्या बाजूने आहे. तासाला पंचवीस सेंटसाठी चार वर्षांचा संसार पणाला लावायचा नसतो.

भावाला मात्र शिकवू नकोस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात धरलेला नाही. शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही, असं तो तुला सांगेल आणि ते खरंही आहे. पण बंदीनंतर जे कोणी चोरून साइट चालवतात त्यांच्याकडे पैसे अडकले तर तो दाद मागणार कुणाकडे? पत्त्यांची हौसच असेल तर दिवाळीत सांगलीला जाशील तेव्हा दोघं पैसे न लावता बसा, आणि तुझ्या बायकोलाही डावात घ्या.

तुझी,
मावशी