पाळणाघरात पुस्तक उघडताना

प्रश्न : माझ्या पाळणाघरात दीड ते तीन वर्षांची नऊ मुलं आहेत. दुपारी पुस्तक घेऊन बसले की दोन पानांत सगळी पांगतात. एक जण तर पुस्तकच हिसकावतो. या वयात वाचून दाखवण्याचा काही उपयोग होतो का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, नक्की होतो. फक्त नऊ जणांना एकदम बसवू नका. दोघा-तिघांना चटईवर जवळ घ्या, बाकीची मदतनीस मावशींजवळ खेळू देत. दुपारी मुलं पेंगतात, म्हणून सकाळची वेळ धरा.

व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली काही आईवडिलांना दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी एक पद्धत शिकवली. सलग वाचत सुटायचं नाही. विचारायचं, थांबायचं, मूल बोलेल त्यात भर घालायची. महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. पुढे मेक्सिकोतल्या पाळणाघरातही असाच परिणाम दिसला.

म्हणजे चित्रावर बोट ठेवून "हे कोण?" विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. तेवढा वेळ मुलाला शब्द शोधायला लागतो. ते "भू भू" म्हणालं की तुम्ही म्हणा, "हो, काळा भू भू पळतोय." उच्चार सुधारत बसू नका.

हिसकावणाऱ्या मुलाला पुस्तक हवंय, ही तर आनंदाची गोष्ट! पानं त्यालाच उलटू द्या, उलटीसुलटी का होईना.

आमच्या बालवाडीत आई गेली की चावणारी एक मुलगी होती. एका पुस्तकात गाय दिसेना म्हणून हंबरणारं वासरू होतं. त्या पानावर मी म्हणायचे, "वासराला रडू येतंय. रागही आलाय." ती रोज तेच पान काढायला लावायची. मग एका सकाळी दारातच मूठ आवळून म्हणाली, "लाग आला!" चावणं लगेच थांबलं नाही, पण हळूहळू कमी झालं. म्हणून चित्रातल्या राग, भीती, रुसव्याची नावं आवर्जून घ्या, आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा.

पुस्तकं जाड पुठ्ठ्याची घ्या. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. मोबाइलवर न दाखवता छापून घ्या. एखाद्या घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलत असतील, तर आई, पाणी, भूक, दुखतंय असे शब्द त्या आईकडून लिहून घ्या आणि वाचताना तेही वापरा.