ठशाचा तडा आणि नाण्यावरचा चरा

कोल्हापूरच्या एका संग्राहक वाचकाने विचारलं आहे: 'माझ्याकडच्या पाच रुपयांच्या नाण्यावर कडेपासून आकड्यापर्यंत एक बारीक रेघ आहे आणि सालाखाली ठिपका आहे. विकणारा त्याला एरर म्हणतो. मराठीत खोट असलेलं नाणं म्हणावं का?'

'खोट' नको. मनात खोट असते तिथे हेतूच वाईट असतो, आणि 'आपलंच नाणं खोटं' म्हणणाऱ्या भाषेत 'खोट असलेलं नाणं' हे बनावट नाणंच वाटणार. तुमचं नाणं अस्सल असून टाकसाळीत पाडताना बिघडलं असेल, तर ते नाव त्याच्यावर अन्याय करणारं आहे. 'हीण' हा शब्द धातूतल्या भेसळीचा, तोही इथे लागू नाही. 'दोष' चालेल, पण दोष कोणाचा हेही नावात यायला हवं. नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या ठशाचा, ज्यावर ते उमटतं त्या धातूच्या चकतीचा, की नंतर हाताळणाऱ्याचा?

ठिपका आधी बाजूला काढू. ती टाकसाळीची खूण आहे. सालाखाली ठिपका म्हणजे नोएडा, पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यात दुर्मीळ काही नाही.

आता रेघ. भिंगाखाली धरा. ती पृष्ठभागातून वर आलेली असेल, तर तडा ठशाला गेला होता. दाबाखाली धातू त्या फटीत शिरला आणि नाण्यावर उंच रेघ उमटली. रेघ आत गेलेली असेल, तर तो बहुधा नंतर पडलेला चरा. म्हणून 'नाण्याला तडा' असं लिहू नका, नाणं तडकलेलंच नाही. 'तडकलेल्या ठशाचं नाणं' म्हणा. 'डाय क्रॅक' म्हणालात तरी हरकत नाही. 'डाय' हा शब्द आपल्याकडे कारखान्यांत रोजचा आहे.

काठाचंही तसंच. कोरी चकती पत्र्यातून कापताना आधीच्या भोकावर गेली, तर नाण्याची एक कड चंद्रकोरीसारखी कमी होते. अशा वेळी बरोबर समोरच्या कडेचा उंचवटाही बऱ्याचदा फिका असतो. तो ठसठशीत असेल, तर कड नंतर कानशीने घासल्याचा संशय घ्या. चकतीच कमी कापली गेली असेल, तर 'कापल्या चकतीचं नाणं' म्हणावं. 'टवका' हा शब्द नंतरच्या माराला राखून ठेवावा.

बाजारात 'लाखी' ऐकाल. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोल. 'उलट्या छापाचं नाणं' असा अर्थ सांगता येईल, पण 'लाखी' आटोपशीर आहे, रुळलेला आहे, मला तो बदलावासा वाटत नाही. मात्र पकडीत दोन नाणी दाबूनही असा खोल ठसा काढतात. तेव्हा दुसऱ्या बाजूचं चित्र चेपलेलं दिसतं. ती बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या नाण्यांना मात्र हे शब्द जपून लावायचे. कोल्हापुरात सापडलेल्या, सातवाहन काळातल्या 'कुर' नावाच्या राजांच्या धनुष्यबाणाच्या नाण्यांपैकी काहींवर आधीच्या राजाच्या छापावर नंतरच्याचा छाप आहे. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यांवर माढरीपुत्र शिवलकुराने आपला ठसा मारला, आणि त्या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुराने. राजांचा क्रम अभ्यासकांना त्यावरूनच लावता आला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये मिळालेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या 13 हजारांहून अधिक नाण्यांपैकी 9 हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने असाच आपला छाप उमटवला होता. हा दोष नव्हे, सत्ताबदल आहे. पुस्तकी 'पुनर्मुद्रित' वाचलं की छापखान्यातली दुसरी आवृत्ती आठवते. 'पुन्हा ठोकलेली नाणी' जास्त खरं वाटतं, कारण ती ठोकलेलीच होती.

शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचं, शिवराईचंही असंच. ठसा तांब्याच्या तुकड्याहून मोठा आणि काम हाताचं, त्यामुळे 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर काठाबाहेर गेलेलं सर्रास दिसतं. यंत्रावरच्या नाण्याला 'छाप सरकला' म्हणावं. अशा शिवराईला 'अक्षर तुटलेली' म्हणावं आणि पूर्ण अक्षरांची मिळाली तर तीच वेगळी नोंदवावी.