स्टायलसला 'बोरू' म्हणावं का?

टॅब्लेटवर लिहायच्या काडीला, म्हणजे स्टायलसला, 'बोरू' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. कानाला गोड लागतं खरं, पण बोरू म्हटला की तिरका काप आला, दौत आली, बोटांना लागलेली शाई आली. टाकाचंही तेच. स्टायलसचं शाईशी कधी देणंघेणंच नव्हतं. लॅटिनमधला 'स्टिलुस' म्हणजे मेणाच्या पाटीवर अक्षरं ओरखडायची टोकदार सळई. तिचं दुसरं टोक चपटं, चुकलं की मेण सारखं करायला. खोडरबर अंगचंच!

माझं मत 'लेखणी'ला. 'लिख्' या धातूचा जुना अर्थच मुळी ओरखडणं. ओडिशात ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरत आणि मग त्यांत काजळी चोळत. आधी ओरखडा, काळा रंग मागाहून.

संगणकवाल्यांनी 'स्टायलस' हा शब्द फार लवकर उचलला. 1957 साली टॉम डाइमंड यांनी बेल लॅब या अमेरिकी संशोधनसंस्थेत हाताने लिहिलेले आकडे ओळखणारं यंत्र केलं, त्याचं नाव 'स्टायलेटर'. पुढे धंदेवाल्यांना मात्र 'पेन'च प्रिय. 'गो' कंपनीच्या, काडीने चालवायच्या संगणकांसाठीच्या प्रणालीचं नाव 'पेनपॉइंट'. 1996 साली पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांचा 'पायलट' हा काडीने लिहायचा खिशातला संगणक आला, तर खऱ्या पेनवाल्या पायलट कंपनीनेच नावावर हरकत घेतली. खटल्यानंतर उरलं नुसतं 'पाम'. पाम म्हणजे तळहात, आणि ताडाच्या जातीचं झाडही. पुन्हा ताडपत्रापाशीच आलो की!

त्या पामवर 'ग्राफिटी' नावाची लिपी गिरवावी लागे. माणसाचं अक्षर यंत्राला लागेना, म्हणून माणसालाच नवी बाराखडी. इंग्रजी 'ए' काढायचा तो मधली आडवी रेघ गाळून, नुसता घराच्या छपरासारखा. 'टी' म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकापासून खाली. हात न उचलता, एका फटक्यात. माझ्या मामाकडे तो पाम होता. तो कधीच अडगळीत गेला, पण मामाच्या वाणसामानाच्या यादीतला इंग्रजी 'ए' अजून छपरासारखाच असतो.

तेव्हा लिहिताना 'लेखणी' बिनदिक्कत वापरा. बोलताना लोक 'पेन' म्हणतात, तेही चुकीचं नाही. अ‍ॅपलने 2015 साली आपल्या काडीला 'पेन्सिल' म्हटलं, आणि तिच्यात तरी शिसं कुठे आहे?