गाडीवरचे हलके ओरखडे : सुरुवात कुठून करायची

भाऊ, पांदणीनं गाडी नेली की बाभळीच्या फांद्या दारावर रेघा ओढणारच. घाबरू नका, त्यातल्या बऱ्याच घरीच जातात.

आधी गाडी भरपूर पाण्यानं आणि कार शाम्पूनं धुवा. मग रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही, ओलं केल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर ती वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. नख अडकलं तर कंपाउंड (घासून रेघ घालवायची पेस्ट) घासत बसू नका, तिथं टच-अप, म्हणजे रेघेत रंग भरणं लागतं. प्रायमर (रंगाखालचा थर) किंवा पत्रा दिसत असेल तर टच-अप पावसाळ्याआधीच करून घ्या, नाहीतर गंज धरतो.

हलक्या रेघेला बारीक रबिंग कंपाउंड पुरे. मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं घ्या, हलक्या हातानं वीतभर जागेतच फिरवा, पुसून बघा. जरूर वाटली तर पुन्हा. शेवटी वॅक्स. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, घासला की परत येत नाही. म्हणून नव्या माणसानं पॉलिशच्या मशीनला आणि पॉलिश पेपरला सध्या हात लावू नये.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:
- धुळीच्या बोनेटवर कोरडा दुपट्टा फिरवणं. बऱ्याच रेघा त्यानंच पडतात.
- टूथपेस्ट, भांड्याची घासणी. नकोच.
- उन्हात काम करणं. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा तव्यासारखा तापतो, कंपाउंड लगेच वाळतं. सकाळी सावलीत, पत्रा हाताला गार लागला की बसा.

पहिला हात दाराच्या खालच्या कोपऱ्यात मारून बघा, बोनेट नंतर.